फुकटची खबर

टेलिफोनच्या डिरेक्टरीचं पहिलं पान अनंतरावांइतकं मन लावून पूर्णा गावात कुणी वाचलं नसेल. लोक डिरेक्टरीत आपलं नाव बरोबर छापलंय का बघतात आणि मग ती डुगडुगत्या कपाटाखाली सारतात. अनंतरावांनी मात्र घरात फोन बसला त्याच दिवशी चष्मा पुसून पहिल्या पानाला हात घातला, आणि तिथं त्यांना चार ओळी सापडल्या. चौकशी, तक्रार, अचूक वेळ, आग. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की या सेवांना पैसे पडत नाहीत.

"अगं, हे वाचलंस का," ते स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "एवढं सगळं फुकट आहे आणि गावात कुणाला पत्ता नाही."

विमलाबाईंना त्या फोनकडून एकच काम हवं होतं. सेलूला दिलेली लेक, लीला, तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरी, असा रिवाज. त्यामुळं आईला इकडं पूर्णेत बसून वाट बघण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. लीलाच्या घराशेजारी एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठकडं फोन होता. काही झालं की तिथून कळवायचं, असं ठरलं होतं. म्हणून विमलाबाई फोनला रोज फडक्यानं पुसायच्या आणि येताजाता त्याच्याकडं एक नजर टाकायच्या.

अनंतराव पडले हायस्कुलातले हेडक्लार्क. हेडक्लार्क माणसाला शेरा मारल्याशिवाय अन्न पचत नाही. आजवर त्यांनी फुकट मिळालेल्या दंतमंजनावर, देवळाबाहेर वाटलेल्या काढ्यावर आणि एका कंपनीच्या माणसानं दारात येऊन करून दाखवलेल्या बिनधुराच्या स्टोव्हवर शेरे मारले होते. संध्याकाळी ओट्यावर बसून ते आपला अभिप्राय द्यायचे आणि गल्ली तो मानायची. निदान अनंतरावांची तशी समजूत होती. त्यांनी ठरवलं, आपण फोनच्या या चारही सेवा नीट वापरून बघायच्या आणि लोकांना सांगायचं. पैशाचा कॉल करायचा नाही, ही अट विमलाबाईंनी घातलेलीच होती.

आता पूर्णेच्या एक्स्चेंजात चार सेवा म्हणजे काही चार खिडक्या नव्हत्या. फोनचं हँडल फिरवलं की पलीकडं सुमनबाई. चौकशी सुमनबाई, तक्रार सुमनबाई, वेळ सुमनबाई, आणि आग लागली तर तीही सुमनबाईंनाच सांगायची. कानाला हेडफोन लावून त्या बोर्डासमोर बसायच्या आणि गावाचे सगळे कॉल हातानं जोडायच्या. पण अनंतरावांच्या लेखी त्या बाई नव्हत्या, खातं होतं.

"हॅलो, अचूक वेळ सेवा का?"

"अनंतराव, मी सुमन बोलायलेय."

"ते असू द्या. वेळ सांगा."

"तुमच्या घरात घड्याळ न्हाई का?"

"आहे. ते बरोबर चाललंय का, तेच बघायलोय."

संध्याकाळी ओट्यावर अभिप्राय निघाला. वेळ सेवा भरवशाची, फक्त बोलण्यात थोडा तुसडेपणा. तेव्हापासून रोज सकाळी वेळ विचारायची त्यांना सवयच लागली. दुसऱ्या दिवशी तक्रार सेवेची परीक्षा घ्यायची होती. पण तक्रार करायला काही सापडेना, म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच्या तुसडेपणाची तक्रार केली. ती सुमनबाईंनीच ऐकून घेतली आणि "अजून काई?" असं विचारलं. यावर शेरा पडला, तक्रार सेवा शांत, ऐकून घेण्याची वृत्ती चांगली. आगीची सेवा तेवढी राहिली. विमलाबाईंनी काड्यापेटी लपवून ठेवली होती असं म्हणतात, पण ते खरं नसावं.

फुकटाचा वास गल्लीत लपत नाही. समोरचे माणिकराव, रेल्वेतले रिटायर गार्ड, गाडी किती लेट आहे ते चौकशीला विचारायला येऊ लागले. स्टेशन त्यांच्या घरातून दिसत होतं, पण फोनवर ऐकलं की खात्री पटते, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या बायनाबाई तर म्हैस हरवली तेव्हा आल्या.

"चौकशीला इचारा की, माझी म्हैस कुठं हाय म्हनून. काळी हाय, एक शिंग मोडकं."

अनंतरावांनी विचारलं. सेवेची मर्यादा कळल्याशिवाय अभिप्राय पुरा होत नाही.

"अनंतराव," सुमनबाई म्हणाल्या, "हे चौकशी केंद्र हाय, कोंडवाडा न्हाई."

असं सगळं गोडीत चाललेलं असताना एक दिवस फोनमध्ये खरखर सुरू झाली. विमलाबाईंचा जीव टांगणीला लागला. लीलाचे दिवस भरलेले, आणि ऐन वेळी फोन लागलाच नाही तर? अनंतरावांनी तक्रार सेवेकडं तक्रार केली. लाइनमन लग्नाला गावी गेलाय, आला की पाठवते, असं उत्तर मिळालं. माणिकराव म्हणाले, "लाइनमन कशाला पायजे? पत्र्यावर चढा आणि तार हलवा. रेल्वेत आमी तसंच करायचो." रेल्वेत काय काय हलवून चालवायचे हे ऐकल्यापासून अनंतराव गाडीत बसताना देवाचं नाव घ्यायचे, पण सल्ला फुकट होता, तो वापरून बघणं भाग होतं.

तर सकाळी अंघोळ आटोपून, धोतराचा काचा मारून, हातात वेळूची काठी घेऊन अनंतराव पत्र्यावर चढले. तार काठीनं हलवली. खरखर गेली का ते खालून विमलाबाई सांगणार होत्या. तेवढ्यात कुठून कोण जाणे एक कावळा आला आणि सरळ त्यांच्या डोक्यावर बसला. नुसता बसला असता तर गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. त्यानं टकलावर एक चोच मारली, इकडंतिकडं बघितलं, अजून एक मारली आणि मग सावकाश उडून गेला. पलीकडच्या अंगणात बायनाबाई गोवऱ्या थापत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला.

"इमलाबाई," त्यांनी भिंतीवरून हाक मारली, "मालकाच्या डोस्क्यावर कावळा बसला. म्या डोळ्यानं बगितला."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायला पाहिजे. आमच्या भागात कावळा डोक्यावर बसला की माणसाचं मरण जवळ आलं असं समजतात. त्यावर उताराही आहे. तो माणूस मेला अशी खोटी खबर नातेवाइकाला पाठवायची. नातेवाइकानं ती खरी मानून रडायचं. खरे अश्रू पडले की मरण फसतं आणि माणसाचं आयुष्य वाढतं. मग लगेच दुसरी खबर पाठवायची, की काही झालेलं नाही, कावळा बसला होता. नातेवाईक शिव्या देतो आणि विषय संपतो.

"हे सगळं थोतांड आहे," अनंतराव पत्र्यावरूनच म्हणाले. शास्त्रीय दृष्टीचा माणूस पत्र्यावरून उतरायच्या आधीच आपलं मत देतो.

खाली उतरल्यावर विमलाबाईंनी एकच वाक्य म्हटलं. "तिकडं पोरगी अशा अवस्थेत हाय आणि तुमी घरात दोष ठेवणार?"

अनंतरावांनी टकलाला हळद लावून घेतली आणि खबर कुणाला द्यायची यावर विचार सुरू झाला. माणिकराव आणि बायनाबाई न बोलावता आत येऊन बसले होतेच. रडणारं माणूस नात्यातलं पाहिजे, हा बायनाबाईंचा पहिला नियम. ते धक्क्यानं जाऊ नये, हा माणिकरावांचा दुसरा. दोन्ही नियमांत बसेल असं एकच माणूस निघालं: अनंतरावांची बहीण चतुराबाई, चुडाव्याला दिलेली. चुडावा म्हणजे पूर्णेच्या पलीकडचंच स्टेशन. आणि चतुराबाईंचं रडणं सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेलं. कुणाच्याही लग्नात नवरीच्या आईच्या आधी त्या सुरू व्हायच्या. तब्येतीनं मात्र खणखणीत.

"तार करा," बायनाबाई म्हणाल्या.

"तारेला शब्दागणिक पैसे पडतात," अनंतराव म्हणाले. आपल्या मरणावर खर्च करायची त्यांची तयारी नव्हती. "सुमनबाई रोज सकाळी चुडाव्याच्या पोस्टाशी लाइन तपासायला बोलतात. तेवढ्यात एक निरोप सरकवला तर काय बिघडलं?"

अडचण एकच होती, मेलेल्या माणसानं स्वतः बोलून चालणार नव्हतं. म्हणून रिसीव्हर माणिकरावांनी घेतला. अनंतराव कानाला कान लावून शेजारी उभे राहिले.

"हॅलो. अनंतरावांच्या घरून बोलायलोय. वाईट खबर आहे. अनंतराव गेले."

पलीकडं बोर्डावरची एक पिन खाली पडल्याचा आवाज आला. मग सुमनबाई म्हणाल्या, "आज सकाळीच तर वेळ विचारली होती त्यांनी."

"काय करता. चुडाव्याला त्यांच्या बहिणीला कळवायचंय."

"मी कळवते. मयतीच्या खबरीचे पैसे मी लावत न्हाई." आणि लाइन बंद झाली.

अनंतरावांचा चेहरा खुलला. डिरेक्टरीत न छापलेली पाचवी सेवा त्यांना सापडली होती. "तत्पर," ते म्हणाले, "आणि आज तुसडेपणा अजिबात नव्हता. नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे."

चहा झाला. चतुराबाई एव्हाना रडून मोकळ्या झाल्या असतील असा अंदाज करून अनंतराव खरी खबर द्यायला उठले. त्यांनी हँडल फिरवलं. पुन्हा फिरवलं. खरखर गेली होती, पण तिच्यासोबत बाकीचं सगळंही गेलं होतं. फोनमध्ये जीव म्हणून उरला नव्हता. विमलाबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी टोपी उचलली आणि ते माणिकरावांना घेऊन थेट एक्स्चेंजकडं निघाले. वाटेत दोनतीन ओळखीचे लोक त्यांना बघून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला झाले.

एक्स्चेंजच्या दारात मुंजाजी शिपाई बिडी ओढत होता. त्यानं अनंतरावांना पाहिलं, बिडी विझवली, आणि वाट देताना अंग पार भिंतीला लावलं. आत एक नवे साहेब होते, परभणीहून बदलून आलेले, नियमाला पक्के.

"ग्राहक मयत झाल्यावर वारसाचा अर्ज येईपर्यंत फोन बंद ठेवावा लागतो," साहेबांनी समजावून सांगितलं.

"पण मी जिवंत आहे."

"ते दिसायलंय मला. पण नोंद झाली ना. नोंद काढायला काही आधार पाहिजे. हयातीचा दाखला आहे का?"

"माझ्याकडं आहे," माणिकराव म्हणाले आणि त्यांनी खरोखरच खिशातून काढून दाखवला. पेन्शनवाल्यांना तो दर वर्षी द्यावा लागतो. "पण यांना नाही मिळायचा. हे अजून नोकरीत आहेत. जिवंत असल्याचा दाखला मिळायला आधी रिटायर व्हावं लागतं."

साहेबांनी मग दुसरा मार्ग सुचवला. पत्नीनं लिहून द्यायचं, की पती वारले, सबब फोन माझ्या नावावर करावा. आठवड्यात काम होईल. अनंतरावांनी आजवर शाळेत कितीतरी लोकांना असेच मार्ग सुचवले होते. ते ऐकायला कसे लागतात ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

सुमनबाई बोर्डासमोर पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी वळून बघितलं. डोळे लाल होते.

"बाई सकाळी लय रडल्या," मुंजाजी दारातून म्हणाला. "तीन कॉल भलतीकडं जोडले. एका येपाऱ्याला तर दवाखान्याशी बोलत बसवलं."

अनंतरावांना एकदम उजेड पडला. "रडल्या? खऱ्या अश्रूंनी? मग झालं की काम."

"नात्यातलं पायजे," माणिकराव म्हणाले.

सुमनबाईंना सगळा प्रकार सांगावा लागला. कावळा, बायनाबाई, लीलाचं बाळंतपण. त्यांनी मधे एक कॉल जोडला, एक तोडला, आणि मग म्हणाल्या, "मला खरं सांगितलं असतं तर मी खोटी खबर नीट दिली असती, अनंतराव. मी इथं बसून गावाच्या मयती कळवते. तुमची कळवताना माझ्याच्यानं बोलवलं न्हाई. रोज उठून वेळ विचारणारा माणूस."

अनंतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यांना मनापासून लाज वाटली. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण जे ओठावर आलं ते अभिप्रायासारखं वाटलं, म्हणून त्यांनी ते गिळलं.

सुमनबाईंनी चुडाव्याचं पोस्ट लावून बघितलं. पलीकडून कुणी उचलेना. "तिथला बाबा पोस्टाला कुलूप लावून तुमच्याच मयतीला निघाला असंल," त्या म्हणाल्या.

तसंच झालं होतं. अनंतराव घरी आले तर ओट्यावर चुडाव्याची मंडळी टेकलेली. मधोमध चतुराबाईंचे यजमान भुजंगराव, हातात तंबाखू, चेहऱ्यावर काहीही नाही. रानातलं काम सोडून आले होते, पायाला माती तशीच. अनंतराव आपल्याच मयतीला जरा उशिरा पोचले होते. भुजंगरावांनी मान वर केली, त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि टकलावरची हळद दिसताच विचारलं, "कावळा का?"

"हो."

"वाटलंच मला. गाडीत बसतानाच म्हनलं, कावळा असंल. पन न जावं तर बरं दिसत न्हाई."

विमलाबाई दाराआडून पुढं आल्या. "रडलं का कुणी?"

मंडळींनी एकमेकांकडं बघितलं. कुणीच रडलं नव्हतं. एक जण म्हणाला, गाडीत जरा भरून आलं होतं, पण तेवढ्यात पूर्णा आलं.

"आणि आमच्या चतुराबाई?"

"ती कुठं हाय घरी?" भुजंगराव म्हणाले. "परवाच सेलूला गेली. लीलाच्या बाळंतपनाला हाताखाली कुनी पायजे म्हनून."

तेव्हा पोस्टातला बाबा पुढं सरकला. आपलं काम चोख बजावल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं. "तुमी काळजी करू नका. चतुराबाई सेलूला हायेत म्हनल्यावर म्या लगेच सेलूला खबर लावली. शेजारच्या शेठच्या फोनवर. म्हनलं, घरी जाऊन सांगा, अनंतराव वारले."

विमलाबाई होत्या तिथंच खाली बसल्या. "लीलाच्या कानावर गेलं असंल," एवढंच म्हणाल्या.

सकाळपासून अनंतरावांना स्वतःचं मरण गमतीचं वाटत होतं. आता त्यांच्या डोळ्यांसमोर लीला आली, अवघडलेली, भिंत धरून उभी, आणि कुणीतरी दारातून सांगतंय की तुझा बाप गेला. फोन मेलेला. चालू असता तर एका मिनिटात सांगता आलं असतं. तो कशामुळं मेला हे ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, हेच त्यांना जास्त लागलं.

"फोनवरच्या खबरीवर आता पोरीचा विश्वास बसायचा नाही, तुमीच दिसायला पायजे. मनमाडकडं जानारी पॅसेंजर लागलीय," माणिकराव म्हणाले. "पळा." आयुष्यात त्यांनी दिलेला हा एकमेव उपयोगी सल्ला होता.

अनंतराव धोतर सावरत पळाले. पूर्णेच्या लोकांनी त्या दिवशी एक मयत माणूस स्टेशनकडं पळताना बघितला, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी हात जोडले.

गाडीत जागा मिळाली ती दोन कापूसवाल्यांच्या समोर. दोघं पूर्णेला चढले होते, पण अनंतरावांना ओळखत नव्हते. नाव तेवढं ऐकून होते.

"तो हेडक्लार्क गेला म्हणं," एक म्हणाला. "फोनवाला."

"फुकट्या?"

"हां, तोच. मानूस वाईट नव्हता."

"वाईट न्हवताच. पन कान खायचा. एकदा माझ्याकडं भुईमुगाच्या शेंगा चाखल्या आन् पंधरा मिन्टं चवीवर बोलला. घेतल्या न्हाईत."

"बायको मात्र लय भली."

"हां, ती भली."

अनंतराव खिडकीतून बाहेर बघत राहिले. सांगावंसं वाटत होतं की शेंगा खवट होत्या. दुसऱ्या कुठल्याही दिवशी सांगितलं असतं. आज त्यांना फक्त गाडी पुढं जायला हवी होती, आणि ती परभणीच्या स्टेशनात म्हाताऱ्या बैलासारखी बसून राहिली होती. त्यांनी दोनदा खाली उतरून इंजिनाकडं बघितलं. इंजिनानं दाद दिली नाही. मग त्यांनी देवाला सांगितलं की माझं आयुष्य वाढवायची काही गरज नाही, आहे तेवढं पुरे, फक्त त्या पोरीला सांभाळ. हे बोलताना ते रडकुंडीला आले होते, पण स्वतःच्या मरणावर स्वतः रडून चालतं का हे बायनाबाईंना विचारायचं राहून गेलं होतं.

सेलूला उतरले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. कापसाच्या बाजारातून, उडणाऱ्या रुईतून, ते चालत नव्हते, पळत होते. एक चप्पल कुठंतरी गेली. गल्लीच्या तोंडाशी आले आणि त्यांचे पाय थांबले. लीलाच्या दारात बायका जमल्या होत्या. सातआठ बायका, डोक्यावर पदर घेऊन, हळू आवाजात बोलत. जावई अप्पाराव कुठं दिसत नव्हते. अनंतरावांना पुढं जायची हिंमत होईना. एका घराच्या भिंतीला हात लावून ते उभे राहिले.

दारातून लीलाच्या सासूबाई बाहेर आल्या. सगुणाबाई. या बाईंचा अनंतरावांना लग्नापासून धाक होता. याद्या करताना त्यांनी सगळ्या बाप्यांना गप्प केलं होतं, आणि एवढ्या वर्षांत त्या हसल्याचं कुणी बघितलं नव्हतं, रडल्याचं तर लांबच. त्यांच्या हातात राखेचं घमेलं होतं. ते कडेला ओतायला त्या चार पावलं आल्या आणि त्यांनी मान वर केली. समोर व्याही, एक पाय अनवाणी, टकलावर हळद.

सगुणाबाईंनी घमेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. मग त्या रस्त्यातच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. हुंदक्यावर हुंदका. दारातल्या बायका धावल्या. चतुराबाई आतून आल्या, भावाला बघून म्हणाल्या, "अरे, तू कसा काय?" आणि काय झालंय हे कुणाला न विचारता त्यांनीही सूर लावला.

"इवाई," सगुणाबाई मधेच श्वास घेऊन म्हणाल्या, "कावळा होता ना? मला सांगा, कावळाच होता ना?"

"कावळाच," अनंतराव म्हणाले.

"शेठचा मानूस खबर घेऊन आला तवा पोरीला कळा चालू होत्या. म्या त्याला दारातूनच लावून दिलं. अप्पारावला सांगितलं न्हाई, त्याच्या तोंडावर सगळं दिसतंय. तुमच्या भैनीला सांगावं तर तिनं सेलू गोळा केलं असतं. सकाळधरनं एकटीच पोटात घेऊन फिरायलेय. पोरीपुढं हसायलेय, पानी तापवायलेय, आन् मनात म्हनतेय, कावळा असू दे देवा, कावळा असू दे." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "एवढ्या घरात रडायला जागा न्हवती बगा मला."

अनंतराव त्या मातीत व्याहीणबाईंच्या समोरच बसले. व्याह्यांनी असं बसायची रीत नाही, पण कुणी काही म्हणालं नाही.

मग सगुणाबाई उठल्या. पदर सारखा केला. चेहरा होता तसा झाला. "हातपाय धुवा आन् आत जावा. नात झालीय. पायात काय न्हाई तुमच्या, आधी पाय धुवा."

आत खाटेवर लीला होती, दमलेली, आणि कुशीत एक लालभडक गाठोडं. आजोबांनी डोकावल्याबरोबर गाठोड्यानं तोंड वाकडं केलं.

"बाबा, एवढ्या लवकर कसं कळलं तुमाला?" लीला म्हणाली. "आत्ता दुपारीच तर झाली. आई कशी हाय?"

"बरी आहे," अनंतराव म्हणाले. "मी सहजच आलो होतो इकडं."

"आनि माझ्या सासूबाई बाहेर काऊन रडायल्यात?"

"ते काही नाही. त्यांना माझी फार काळजी वाटते," ते म्हणाले, आणि लीलाला वाटलं बाबांना ऊन लागलंय.

तिकडं पूर्णेत विमलाबाई ओट्यावर तशाच बसून असणार होत्या, ही आठवण अनंतरावांना नातीचं नाक बघताना झाली. ते तडक शेजारी शेठच्या घरी गेले. त्यांनी पैसे आधी पुढं ठेवले आणि पूर्णेचा कॉल मागितला. बऱ्याच वेळानं पलीकडून ओळखीचा आवाज आला.

"सुमनबाई, मी अनंतराव. सेलूहून बोलायलोय. माझ्या घरी लावून द्या."

"तुमच्या घरचा फोन बंद हाय. साहेब घरी गेले, उद्याशिवाय चालू व्हायचा न्हाई." मग थांबून त्यांनी विचारलं, "लेक कशी हाय?"

"मोकळी झाली. नात झाली. दोघी खुशाल."

"तिच्या कानावर?"

"गेलं नाही. तिच्या सासूनं जाऊ दिलं नाही."

सुमनबाईंनी श्वास सोडलेला सेलूपर्यंत ऐकू आला. "मी जाऊन सांगते तुमच्या घरी. दहा मिन्टाची तर वाट हाय. अजून काही निरोप?"

"हो. तिला म्हणावं, व्याहीणबाई रडल्या."

"पोटभर?" सुमनबाईंनी विचारलं.

"पोटभर."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. मग हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, "मुंजाजी, बोर्डाकडं बघ रे जरा," असं कुणाला तरी सांगितल्याचं ऐकू आलं, आणि पाठोपाठ त्यांच्या चपला, घाईघाईनं जिना उतरणाऱ्या.